‘धाकटा भाऊ बघेल’ म्हणजे नेमकं काय काय बघेल? कोल्हापुरात दोन फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ पाहणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात. कागलकडची वडिलोपार्जित जमीन विकली, वाट्याला ४० लाख आले. त्यात २५ लाखांचं कर्ज घालून कोल्हापुरात दोन टूबीएचके घ्यायचे, एक कळंब्याच्या बाजूला आणि एक नागाळा पार्कात. दोन्ही भाड्याने द्यायचे. धाकटा भाऊ कोल्हापुरातच असतो, तो बघेल. रोजच्या अडचणी काय येतात?

अडचणी सांगतो, पण आधी मी कोण ते सांगतो. मी बिल्डर नाही, एजंटही नाही. शिवाजी उद्यमनगरात २२ वर्षं लेथवर उभा होतो. २००४ साली राजारामपुरीत एक जुना फ्लॅट घेतला, पुढे शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ एक गाळा, २०१६ ला आर. के. नगरच्या बाजूला आणखी एक फ्लॅट. राहत्या घराच्या माडीवर दोन खोल्या आहेत, त्या विद्यार्थ्यांना देतो. एवढाच माझा पसारा. त्यामुळे पन्नास फ्लॅटवाल्याचं गणित मला विचारू नका, ते वेगळं असतं. त्याच्याकडे माणूस असतो. आपल्याकडे माणूस म्हणजे आपणच.

तुमच्या प्रश्नातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला ‘तो बघेल’ हेच दोन शब्द जास्त महागाचे वाटतात. त्याकडे येतोच, पण आधी हिशेब, कारण हिशेबाशिवाय ते कळणार नाही.

आर. के. नगरचा फ्लॅट मला मुद्रांक, नोंदणी, वकील, पंखे-ट्यूबसकट २७ लाखांना पडला. भाडं आता ९,००० येतं. माझी सौ. दर वर्षाला एक वेगळी वही घालते. चांगल्या वर्षी त्या वहीत १,०८,००० जमा असतात. अपार्टमेंटचा मेंटेनन्स महिना ८०० प्रमाणे ९,६००, घरफाळा (घरपट्टी) ४,८००, किरकोळ दुरुस्ती ३,६००. उरले ९०,०००. म्हणजे २७ लाखांवर ३.३ टक्के. हे चांगलं वर्ष. आता वाईट वर्ष ऐका. भाडेकरू गेला, दीड महिना फ्लॅट रिकामा. जमा ९४,५००. मेंटेनन्स आणि घरफाळा तेवढाच. रंगकाम १४,०००, बाथरूमची गळती २२,०००, एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं ४,५००, नवा करार २,५००, पाण्याच्या मोटरचा वाटा १,७००. खर्च झाला ५९,१००, उरले ३५,४००. सव्वा टक्का! बँकेतल्या ठेवीने सुद्धा लाजवलं.

किंमत वाढली, हे खरंय. पण वाढलेली किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही आणि तिच्यातून गळतीचे पैसे देता येत नाहीत. म्हणून तुमच्या कर्जाला माझा साफ नकार. २५ लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता २१,७०० च्या घरात जातो. त्यासमोर कर्जाच्या त्या एका फ्लॅटचं भाडं १० हजार आलं तरी दर महिन्याला ११-१२ हजार तुमच्या पगारातून जाणार, आणि फ्लॅट रिकामा असेल तेव्हा सगळाच. कोणी म्हणेल, कर वाचतो की. नव्या करप्रणालीत असाल तर भाड्याच्या घराचा तोटा (व्याज भाड्यापेक्षा जास्त गेलं की दिसतो तो) पगारातून वजा होत नाही. भाड्यातून भरलेला घरफाळा आणि वर ३० टक्के सरसकट वजावट मिळते तेवढी घ्या. बाकी सीएला विचारा.

एकच फ्लॅट घ्या, कर्ज न काढता. उरलेल्यातले चार-पाच लाख त्या फ्लॅटच्या नावाने वेगळे ठेवा. ते कशाला, ते सांगतो.

वर वाईट वर्षात २२ हजारांची गळती लिहिली आहे, तिचं खरं रूप असं होतं. जुलैचा महिना, रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन: “भाऊजी, आमच्या देवघरावर पाणी ठिबकायलंय, जरा येऊन बघा.” गेलो. छतावर ताटाएवढा ओला डाग, मध्ये पिवळा, कडेला काळपट. वहिनी म्हणाल्या तुमच्या बाथरूमचं. माझा भाडेकरू म्हणाला आमच्या बाथरूममध्ये काहीच नाही, पावसाचंच असेल. प्लंबर आला, त्याने नुसतं वर बघितलं आणि म्हणाला सगळी फरशी काढावी लागेल, ४० हजार. कोणाच्याही शब्दावर हातोडा चालवायचा नाही, हे मी लेथवर शिकलोय, आधी माप. कपड्याची नीळ आणली, घट्ट कालवून बादलीभर पाणी बाथरूमच्या जाळीतून सोडलं. वहिनींना खाली थांबायला सांगितलं. पाऊण तासाने त्यांच्या डागाच्या कडेला निळसर थेंब दिसला. म्हणजे पाऊस नव्हे, कमोडची लाइन नव्हे, नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा सांधा. तेवढ्याच भागातल्या फरश्या काढल्या, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, दोन दिवस पाणी कोंडून ठेवून तपासलं. भाडेकरूचं कुटुंब चार दिवस त्याच्या बहिणीकडे राहिलं. त्या चार दिवसांचं भाडं मी सोडलं, त्याने मागितलं नव्हतं तरी. खालच्या देवघराचा रंग माझ्या खर्चाने. आणि फरशी जुनी, तशी आता बाजारात नाही, म्हणून बाथरूमच्या मध्यभागी आजही वेगळ्या रंगाचा एक चौकोन आहे. तेव्हापासून कुठलंही काम केलं की जादा फरशीचे दोन बॉक्स मी माळ्यावर टाकतो.

या एका गळतीसाठी मी सात फेऱ्या मारल्या. नीळ आणायची, प्लंबर वेळेवर येत नाही म्हणून त्याच्या दारात जायचं, वहिनींचा राग ऐकून घ्यायचा, फरशीच्या दुकानात नमुना हातात घेऊन फिरायचं. माझं घर तिथून स्कूटरवर १२ मिनिटांवर आहे, म्हणून जमलं. पुण्यातून तुम्ही फोनवर एवढंच विचारू शकला असता, ‘किती होतील?’ आणि ४० हजार दिले असते.

रोजच्या अडचणी म्हणाल तर अशा मोठ्या नसतातच. मोटर चालेना. पाण्याची टाकी भरून वाहिली, शेजारी ओरडले. भाडेकरूच्या पाहुण्याने दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली. अपार्टमेंटच्या मीटिंगला मालकानेच यायचं. लाइट बिल मालकाच्या नावावर, भाडेकरू जाताना शेवटचं बिल तसंच. (जाण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि तेवढे पैसे अनामतीतून धरा, यावर भांडण होत नाही.) आणि सगळ्यात अवघड, पाच तारीख उलटली की भाडं मागणं. मला आजही लाज वाटते. आमच्याकडे ते काम सौ. करते. ती फोनवर आधी पोराबाळांची चौकशी करते, मग म्हणते, “पाच तारीख झाली बरं का.” दहा तारखेच्या आत येतंय.

करारावर मी जास्त बोलणार आहे, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. २०११ ला राजारामपुरीचा फ्लॅट एका ओळखीतल्या माणसाला दिला. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली, ११ महिने. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं सगळे म्हणत होते, आजही म्हणतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर शिक्षा आहेच, पण खरा फटका वेगळा: वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. माझा माणूस सात महिने भाडं न देता राहिला. वकिलांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मिटवा.” मिटवलं. ३८,५०० रुपयांचं भाडं सोडलं आणि वर अनामत परत दिली, तेव्हा किल्ली मिळाली.

नोंदणीचा खर्च ऐकून तर मला स्वतःचाच राग आला. भाडं ९,५००, अनामत ५० हजार, ११ महिने धरा. एकूण भाडं आणि अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेली रक्कम, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक. म्हणजे ३०० च्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. घरी येऊन अंगठे घेणारा माणूस त्याचे घेईल ते. एवढ्यासाठी मी ३८ हजार घालवले. लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस राहत्या घरातून निघाला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. गाळ्याला मात्र हा रस्ता नाही, तिथे दिवाणी न्यायालयच. म्हणून गाळ्याचा भाडेकरू निवडताना मी फ्लॅटच्या दुप्पट वेळ घेतो.

मी आता ११ महिन्यांचा करार करतच नाही. ३३ महिन्यांचा करतो, दर ११ महिन्यांनी पाच टक्के वाढ त्यातच लिहितो. वाढीवरून तोंड वाईट होत नाही, एजंट मध्ये येत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देतो. त्यात आळस नको.

पेठांमधल्या जुन्या इमारती स्वस्तात दाखवतील, ‘फक्त एक जुना भाडेकरू आहे, तो निघेल’ म्हणून. तो निघत नाही. त्याचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढतं आणि मूळ भाडं काही शे रुपये असतं. नमस्कार करून पुढे चला.

भाडेकरू निवडायचा कसा, यावर प्रत्येक मालकाचं एक शास्त्र असतं. एजंट पहिला प्रश्न विचारतो, “लोक कोण चालतील?” त्याचा अर्थ तुम्हाला कळतो, मलाही कळतो. मी सांगतो, वेळेवर पैसे देणारे. माझे आजवरचे दोन सर्वांत चांगले भाडेकरू, एक शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारं बिहारचं जोडपं आणि एक सरकारी दवाखान्यातली एकटी राहणारी नर्स, दोघांनाही माझ्याआधी तीन-तीन ठिकाणी नकार मिळाला होता. नकार खाल्लेला माणूस घर जपतो, असा माझा अनुभव आहे. मी बघतो ते एवढंच: आधीच्या मालकाचा नंबर देतोय का, आणि पगार कुठे जमा होतो. आधीच्या मालकाला फोन केल्यावर तो “चांगली माणसं आहेत” म्हणायच्या आधी किती वेळ गप्प राहतो, हे ऐकायचं.

विद्यार्थ्यांचं वेगळं. विद्यापीठ, सागरमाळ, राजारामपुरी या पट्ट्यात खोल्या कधी मोकळ्या राहत नाहीत म्हणतात, पण मे महिना कोरडा जातो. वर्षाचे दहा महिने धरूनच भाडं ठरवा.

आता जागा. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव ही गावं शहराला चिकटली आहेत. रस्त्यावरून जाताना शहर कुठे संपलं ते कळत नाही. पण १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द वाढलेली नाही, त्यामुळे ती कागदावर ग्रामपंचायतीच आहेत. याचा रोजचा अर्थ म्हणजे पाणी आणि ड्रेनेज. कळंब्याचा फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉल किती मोठा ते बघू नका. गच्चीवर जा, टाकीचं झाकण उघडा. मग खालच्या बाईंना विचारा, पाणी किती दिवसांनी येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, त्याचे पैसे कोण देतं. बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडावरचा पांढरा थर बघा. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला तेही विचारा. भाडेकरू सोडून जातो तो हॉलमुळे नाही, पाण्यामुळे.

आणि आणखी एक. आमच्याकडे सहा-आठ फ्लॅटची छोटी अपार्टमेंट फार. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले तर तो प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागत नाही. म्हणजे तिथली माहिती संकेतस्थळावर सापडणार नाही, तक्रारीची ती खिडकीही बंद. अशा ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि डीड ऑफ डिक्लेरेशन (कोणाचा फ्लॅट कुठला, सामाईक काय, याचा नोंदवलेला कागद) डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीचे जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल) आपल्या वकिलाकडून घ्या. बिल्डरच्या वकिलाने दिलेल्या कागदावर माझ्या ओळखीचा एक जण अजून फेऱ्या मारतोय.

नागाळा पार्क ऐकल्यावर मी जरा थांबलो. सगळ्या नागाळा पार्कात पुराचं पाणी येत नाही. पण ज्या बाजूला येतं, तिथला फ्लॅट नेमका स्वस्त असतो आणि नेमका बाहेरगावच्या माणसाला दाखवला जातो. पावसाळ्यात रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय साऱ्या कोल्हापूरला आहे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. माझ्या गाळ्यात आठवडाभर पाणी होतं. ओसरल्यावर शटर वर जाईना, गंजून नव्हे, आतून गाळाने दाबून बसलं होतं. भाडेकरूची शिलाई मशीन होती, तिच्या मोटरमध्ये चिखल. त्याच्यासमोर भाड्याचा विषय काढायचं धाडस मला तीन महिने झालं नाही, आणि काढूही नये. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रकार, फक्त या वेळी पाणी वाढत असल्याची बातमी आल्याबरोबर आम्ही दोघांनी मिळून सामान माळ्यावर चढवलं होतं आणि लाइटचा मीटर मी आधीच छातीच्या वर घेतला होता. फ्लॅटला ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेतली तीही त्यानंतरच. ती पूर धरते आणि हप्ता फार नसतो.

नागाळा पार्कातला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फ्लॅट कोरडा राहील, पण मीटर, पाण्याची मोटर, लिफ्टचा खड्डा आणि भाडेकरूची गाडी तळमजल्यावर असते. एजंटला विचारू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘एकोणीसला कुठवर आलं होतं?’ तो हाताने दाखवेल. मग पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात.

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून तर एजंटांच्या जिभेला हाडच राहिलं नाही. ‘वकील येणार, भाडं दुप्पट होणार.’ वकील आले, ऑफिससाठी जागाही शोधताहेत. पण मला दिसलं ते असं की सांगायची किंमत त्याच आठवड्यात वाढली आणि भाडं जिथल्या तिथे राहिलं. त्या भरवशावर दोन लाख जादा देऊ नका.

आता तुमच्या भावाचं. वर जे जे लिहिलं ते त्याच्या माथी येणार आहे: रात्री साडेनऊचा फोन, नीळ, प्लंबर, मीटिंग, पाच तारखेचं मागणं, पुराच्या आदल्या रात्री मोटर वर काढणं. फ्लॅट तुमच्या नावावर आणि शिव्या त्याला. माझ्या वहीत माझी मजुरी कधीच लिहिली नाही, म्हणून ते ३.३ टक्के दिसतात. तुम्ही त्याची लिहा. भाड्याचे दहा टक्के दर महिन्याला त्याच्या खात्यावर टाका, मागायची वेळ येऊ देऊ नका. पाच हजारांपर्यंतची दुरुस्ती त्याने तुम्हाला न विचारता करावी, हे आधी बोलून ठेवा. नाहीतर गळक्या नळासाठी तुम्ही पुण्यात मीटिंग संपायची वाट बघाल आणि खाली पाणी उतरेल.

आणि किल्ली त्याच्या हातात द्यायच्या आधी एकदा त्याच्या बायकोला विचारा. पाच तारखेचा फोन बहुतेक तीच करणार आहे.